फाइन की कमर्शियल? निसर्गचित्रं काढून मुंबईत पोट भरायचं ठरवलेल्यांसाठी

दरवर्षी जून जवळ आला की ओळखीपाळखीतून फोन यायला लागतात, मुलगा किंवा मुलगी चित्रं छान काढते, इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेला ए ग्रेड आहे, आता फाइन आर्टला घालायचं की अप्लाइडला (म्हणजे जाहिरात-डिझाइनच्या, कमर्शियल कोर्सला), आणि निसर्गचित्रं काढून काय होणार पुढे. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हटलं. मी मूळची संगमेश्वर तालुक्यातली, शिकले मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टला पेंटिंग घेऊन, आणि तेव्हापासून आजपर्यंत मुंबईतच निसर्गचित्रांवर आणि त्याच हाताने केलेल्या कमर्शियल कामावर घर चालवते आहे. त्यामुळे जे सांगते ते याच एका वाटेचं आहे, पोर्ट्रेटवाल्यांचं किंवा इन्स्टॉलेशनवाल्यांचं गणित वेगळं असतं.

आधी एक भीती काढून टाका. कॉलेजात सिनिअर लोक सांगतात की कमर्शियल काम घेतलंस की हात बिघडतो, मग पेंटिंग होत नाही. माझा अनुभव तसा नाही. हात कमर्शियलने बिघडत नाही, बाहेर जाऊन समोर बघून काढणं बंद झालं की बिघडतो, आणि ते बंद पडायला कमर्शियलच लागतं असं नाही, नोकरी, संसार, कंटाळा, काहीही पुरतं. जे लोक दोन्ही करत राहिले आणि टिकले त्यांच्यात मला एकच गोष्ट सारखी दिसते, पोटाचं काम कितीही असलं तरी ऑनस्पॉट, म्हणजे जागेवर बसून समोरचं काढणं, सुटू दिलेलं नाही. या लिहिण्यातलं बाकीचं काही विसरलात तरी चालेल, हे तेवढं धरून ठेवा.

आणि ही जी फाइन-कमर्शियल भिंत आहे ना ती आपल्याकडे बरीच उशिरा आलीय. जेजे स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, तिथे कमर्शियल आर्टचा विभाग निघाला १९३५ मध्ये, आणि अप्लाइडची वेगळी संस्था झाली १९५८ ला. म्हणजे पहिली कितीतरी वर्षं एकच माणूस सगळं करायचा. चित्रकार एम. व्ही. धुरंधर घ्या, कोल्हापूरहून आलेले, जेजेतच शिकले, तिथेच शिकवलं, मोठमोठी ऐतिहासिक-पौराणिक चित्रं काढली, आणि त्याच हाताने पोस्टकार्डं, पुस्तकातली चित्रं, रेल्वेची पोस्टरं. त्यांची रेल्वेची पोस्टरं कधी मोठ्या आकारात बघायला मिळाली तर सोडू नका, जाहिरात म्हणून काढलंय म्हणून गर्दीतल्या एका माणसाच्याही उभं राहण्याच्या ढबीत कुचराई नाहीये. दीनानाथ दलाल आणि मुळगावकर, दोघेही मूळ गोव्याचे, दिवाळी अंक, मुखपृष्ठं, कॅलेंडरं यातून महाराष्ट्रातल्या घराघरात पोचले, मुळगावकरांनी काढलेले देव तर कित्येक देवघरांत अजून आहेत. हुसेननी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली हे सगळ्यांना माहितीय. आमच्या कोकणातलेच सावंतवाडीचे हळदणकर, ज्यांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघायला लोक म्हैसूरला जातात, त्यांनी १९०८ मध्ये मुंबईत चित्रकलेचा क्लास काढला होता. म्हणजे पोटासाठी शिकवणी हीसुद्धा जुनी आणि मानाची वाट आहे, त्यात कमीपणा मानू नका.

आता माझं सांगते, कारण त्यातून कळेल की निसर्गचित्राचा हात नेमका कुठे कुठे विकला जातो.

मी कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवरचा थ्रीडी व्ह्यू हा प्रकार अजून नीट आला नव्हता. बिल्डिंग बांधायच्या आधी ती कशी दिसेल हे ग्राहकाला दाखवायचं तर कोणीतरी हाताने पर्स्पेक्टिव्ह रंगवायचं. आर्किटेक्ट प्लॅन आणि एलेव्हेशन (समोरून दिसणारा नकाशा) द्यायचा, आपण त्यावरून टू पॉइंट पर्स्पेक्टिव्ह (इमारतीच्या दोन बाजू लांब जाताना निमुळत्या दिसतात तसं) लावून पेन्सिलचं ड्रॉइंग करायचं, ते ट्रेसिंगवरून बोर्डवर उतरवायचं, मग पोस्टर कलर. बिल्डिंगच्या कडा म्हणजे कसोटी असायची, पट्टी कलती धरून एका हातात दोन काड्या, एक काडी पट्टीच्या खाचेतून सरकवायची आणि दुसरा ब्रश असायचा तो बरोबर तेवढ्याच दाबाने कागदावरून जायचा, श्वास रोखून. रेघ तुटली तर रंग उचलून परत. पण गंमत अशी की बिल्डिंग नीट काढणारे बरेच होते, आणि आर्किटेक्ट परत परत बोलवायचे ते आजूबाजूचं आकाश, झाडं, ओला रस्ता, रस्त्यावर पडलेली सावली जिवंत काढणाऱ्याला. कारण बिल्डिंग तर अजून नाहीच, बघणाऱ्याला ती खरी वाटते ती सकाळच्या उजेडामुळे आणि गेटपाशी पडलेल्या गुलमोहराच्या सावलीमुळे. हा उजेड मी रविवारी बाणगंगेला किंवा हॉर्निमन सर्कलला बसून शिकलेली असायचे आणि सोमवारी बोर्डवर लावायचे. उलटही व्हायचं, पर्स्पेक्टिव्ह घोटून घोटून इतकं अंगात भिनलं की नंतर सीएसएमटीची इमारत किंवा एशियाटिकच्या पायऱ्या ऑनस्पॉट काढताना ड्रॉइंगवर वेळच जायचा नाही, सगळा वेळ टोनला, म्हणजे उजळ-गडद बघायला, मिळायचा.

मग सॉफ्टवेअर आलं आणि हे काम बघता बघता आटलं. ज्यांना फक्त बिल्डिंग येत होती त्यांना फार जड गेलं. मला आणि माझ्यासारख्या काहीजणांना अ‍ॅनिमेशनवाल्यांनी बोलावलं, कारण त्यांना बॅकग्राउंड पेंटर हवे होते आणि बॅकग्राउंड म्हणजे दुसरं काय, निसर्गचित्रच, फक्त त्यात मधली जागा पात्रासाठी मोकळी सोडायची. हे मोकळं सोडणं वाटतं तेवढं सोपं नाही हां. तुम्ही कॉलेजात शिकता की नजर केंद्राकडे जायला पाहिजे, आणि इथे तुम्हाला एक केंद्र नसलेलं चित्र काढायचंय जे तरीही रिकामं वाटता कामा नये. शिवाय पुढचं झाड वेगळं, मधली घरं वेगळी, मागचा डोंगर वेगळा असे थर करायचे, कारण कॅमेरा सरकला की ते वेगवेगळ्या वेगाने सरकतात. एकाच अंगणाची सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र काढायची. आधी हे पोस्टर कलरमध्ये आणि मग टॅब्लेटवर फोटोशॉपमध्ये करायला लागलो, साधन बदललं पण विचार तोच राहिला. ज्याने खरंच एका जागी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बसून छोटी छोटी स्केचेस केलीत त्याला हे चार उजेड शिकवावे लागत नाहीत. म्हणून स्टुडिओत पोर्टफोलिओ घेऊन जाणाऱ्या मुलांना मी सांगते, फायनल चित्रं कमी ठेवा पण एकाच जागेच्या वेगवेगळ्या वेळांची एक मालिका ठेवाच, आर्ट डायरेक्टर त्या पानावर थांबतो.

आता ऑनस्पॉटकडे येते, कारण सगळं तिथेच उभं आहे.

मुंबईत जागांची कमी नाही. पण प्रत्येक जागेची वेळ असते. ससून डॉक उजाडताना, तेव्हा होड्या, टोपल्या, कोळणींच्या साड्यांचे रंग असं सगळं एकदम असतं, पण तिथे आणि नेव्हीच्या आसपास कॅमेरा बाहेर काढायच्या आधी विचारून घ्या, बंधनं असतात, आणि चित्र काढायला बसायचं तरी आधी तिथल्या लोकांशी दोन शब्द बोलून बसावं. खोताची वाडी, वरळी कोळीवाडा इथे तर आपण लोकांच्या अंगणातच बसलेलो असतो, तर घरातल्या मावशींना विचारा, त्या खुर्ची आणून देतील आणि चहाही. बॅलार्ड इस्टेट रविवारी, रस्ते मोकळे असतात. बाणगंगा सकाळी, पायऱ्यांच्या सावल्या लांब असतात तेव्हा. मरीन ड्राइव्हला संध्याकाळी सूर्य समोरून येतो, म्हणजे सगळं छायेत, अशा वेळी रंग शोधत बसू नका, तीन टोनमध्ये काढा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी जो धुरकटपणा असतो त्याला आपण नावं ठेवतो, छातीला वाईटच आहे तो, पण लांबचं फिकट होत जाणं शिकायला त्याच्यासारखी संधी नाही, हाजी अलीच्या आसपास उभं राहून बघा, टॉवर एकामागे एक कसे निळसर होत जातात.

मुलींसाठी थोडं जास्त लिहिते. ग्रुपने जा, निदान सुरुवातीला. रविवारी सकाळी ऑनस्पॉट करणारे ग्रुप मुंबईत, ठाण्यात, डोंबिवलीत आहेत, कॉलेजात किंवा आर्ट मटेरियलच्या दुकानात विचारलं की पत्ता लागतो. बसताना पाठीमागे भिंत येईल अशी जागा घ्या, म्हणजे मागे गर्दी होत नाही आणि मानेवर कोणी श्वास सोडत नाही. स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघून ठेवा, हे कोणी सांगत नाही पण यावरून अर्धा दिवस वाया जातो. पाणी दोन बाटल्या, एक पिण्याची, एक ब्रशची, आणि दोन्ही वेगळ्या दिसणाऱ्या.

कागदावर पैसे खर्च करा, रंगावर नंतर. विद्यार्थ्यांचे रंग आणि चांगला कॉटनचा ३०० जीएसएम (म्हणजे जाड) कागद हे चालतं, महागडे रंग आणि पातळ कागद हे अजिबात चालत नाही, पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या थराला, कागद फुगतो आणि पाणी खड्ड्यात साचतं. फुल इम्पिरियल शीट २२ बाय ३० इंच असते, तिचे चार तुकडे केले की ११ बाय १५ चा क्वार्टर मिळतो, बाहेर बसून एका बैठकीत संपवायला तो आकार बरोबर आहे कारण दीड-दोन तासांत सावली फिरते. बसल्या बसल्या आधी काडेपेटीएवढी तीन-चार पेन्सिल स्केचेस करायची, गडद कुठे, उजळ कुठे एवढंच, आणि सावली कुठल्या बाजूची धरायची ते तिथेच ठरवायचं आणि मग समोरची सावली हलली तरी आपली हलवायची नाही.

पावसाळ्यात मुंबईत वॉश वाळतच नाही, हवेतच इतकं पाणी. मग कोणी हेअर ड्रायर घेऊन बसतं. मी उलट करते, जुलै-ऑगस्टमध्ये ओल्यावर ओलं असंच काम करते, आकाश आणि जमीन एकात एक मिसळू देते, वाळायची वाट बघावी लागेल असा विषयच निवडत नाही. आणि तयार चित्रांना बुरशी लागते, हे मुंबईचं खास दुखणं. ज्या भिंतीला बाहेरून पाऊस लागतो तिच्यावर चित्र टांगू नका, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि फ्रेम करताना काच कागदाला चिकटता कामा नये, मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते आपल्या मुलखाबद्दल. मुंबईत आल्यावर प्रत्येकाला वाटतं की आता मुंबई काढायची, टॅक्सी, पाऊस, छत्र्या. काढा, जरूर काढा, विकलंही जातं. पण ते काढणारे शेकडो आहेत. तुमचं गाव काढणारे तुम्हीच. आबालाल रहमान जेजेला शिकून परत कोल्हापूरला गेले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हेच परत परत काढत राहिले, आज त्या चित्रांसमोर उभं राहिलं की ते कोल्हापूर त्यांच्याशिवाय कोणी दाखवू शकलं नसतं हे कळतं. नाशिकचे शिवाजी तुपे, गोदाकाठ आणि नाशिकची गल्ली, तेच.

माझा भाग संगमेश्वर, तिथे समुद्र नाही. पण कोकण म्हटलं की क्लायंट नारळ आणि लाटा मागतो. आमच्याकडे शास्त्री नदी आहे, जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती), पाणंद, उतरत जाणारी भातखाचरं, शेणाने सारवलेलं खळं. जांभा हा रंग बाहेरच्या माणसाला पटकन सापडत नाही, तो लाल समजून सरळ लाल लावतो. उन्हातला कोरडा चिरा (जांभ्याचा कापलेला दगड) बर्न्ट सिएनाच्या जवळ असतो, थोडा नारिंगीकडे झुकलेला. तोच पावसात भिजला की जांभळट तपकिरी होतो, मी लाइट रेडमध्ये अल्ट्रामरीन घालते आणि ओलं असतानाच खालून थोडं हिरवं सोडते कारण भादव्यापर्यंत गडग्यावर शेवाळ चढलेलंच असतं. चिऱ्याची भोकं काढत बसायचं नाही, रफ कागदावर कोरडा ब्रश ओढला की आपोआप येतात. भाताच्या हिरव्याचंही तसंच. तरव्याचा (भाताच्या रोपांचा) हिरवा जवळजवळ पिवळा असतो, लावणी झाल्यावर खाचरात हिरवं कमी आणि आकाशच जास्त दिसतं, मग गणपतीच्या सुमारास तो दाट होतो आणि नवरात्रानंतर सोन्याकडे झुकतो. ट्यूबमधला सॅप ग्रीन यातला एकही नाही. हे फोटो बघून कळत नाही, मोबाइल सगळे हिरवे एकसारखे भडक करून टाकतो.

एकदा प्रदर्शनात एक वयस्कर गृहस्थ एका चित्रासमोर बराच वेळ उभे होते. चित्र होतं एका घराच्या पडवीचं, कौलं अर्धी नवी अर्धी जुनी काळी पडलेली. मला म्हणाले, "ताई, हे राजापूरकडचं नाही, वरचं आहे ना, संगमेश्वर-देवरुख बाजूचं?" मी हो म्हटलं, कशावरून ओळखलंत? तर म्हणाले, "पडवीचा उतार बघून. आमच्याकडे अशीच." त्यांनी ते घेतलं, परळच्या घरात लावायला. माझी चित्रं घेणाऱ्यांत मोठे कलेक्टर फार थोडे, जास्त करून असे लोक, मुंबईत आयुष्य गेलेले, डॉक्टर, बँकेतले, आर्किटेक्ट, ज्यांच्या गावचं घर आता बंद आहे किंवा वाटणीत गेलंय. त्यांना खोटं कोकण चालत नाही, लगेच कळतं.

कॅलेंडर आणि डायऱ्यांचं काम अजूनही असतं, पूर्वीइतकं नाही. याचं वेळापत्रक लक्षात ठेवा, कंपन्यांची कॅलेंडरं दिवाळीच्या आधीच ठरतात, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत तुमचं काम त्यांच्या हातात पडलेलं हवं, आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं त्याच्याही आधी. मानधन मराठी अंकांचं कमी असतं पण नाव फिरतं, मला दोन मोठी कामं केवळ मुखपृष्ठ बघून आली. छपाईसाठी काढताना काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. भडक नारिंगी, तजेलदार हिरवा आणि अल्ट्रामरीन हे सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मंद होतात, मग क्लायंट तुमच्यावर चिडतो, म्हणून प्रूफ (छपाईचा नमुना) मागवाच. फार फिकट वॉश छपाईत उडून जातो. तारखांचा चौकोन आणि लोगो कुठे येणार हे आधी विचारून तेवढा भाग शांत ठेवा, चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जास्तीचा भाग) सोडा. स्कॅन ३०० डीपीआयला, म्हणजे हाफ इम्पिरियल, १५ बाय २२, त्याची फाइल ४५०० बाय ६६०० पिक्सेलची झाली पाहिजे, फोनवरून काढलेला फोटो पाठवू नका.

आणि हक्क. इथे थांबून नीट वाचा, कारण नवीन मुलं इथेच नागवली जातात. चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असं नाही. तुम्ही स्वतःच्या मनाने काढलेलं चित्र कोणी घरात लावायला विकत घेतलं तर त्याला ते छापायचा हक्क मिळत नाही, तो तुमच्याकडेच राहतो, तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. पण कोणी पैसे देऊन, ऑर्डर देऊन पेंटिंग काढून घेतलं, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, उलटा करार नसेल तर, पहिला मालक तो ऑर्डर देणाराच. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेलं मालकाचं, हे बहुतेकांना माहीत असतं, हे ऑर्डरचं माहीत नसतं. म्हणून ऑर्डर घेतानाच ईमेलवर एक ओळ लिहून घ्या आणि समोरच्याचं लेखी 'हो' मागा: कॉपीराइट चित्रकाराकडे, वापर फक्त अमुक वर्षाच्या कॅलेंडरसाठी. हक्क द्यायचेच असतील तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि हक्क दिल्यानंतरही कलम ५७ प्रमाणे चित्रावर आपलं नाव सांगायचा आणि ते विद्रूप केलं तर हरकत घ्यायचा हक्क आपला राहतो. माझं एक चित्र एका कंपनीने कॅलेंडरसाठी घेतलं आणि पुढच्या वर्षी न विचारता मिठाईच्या खोक्यावर छापलं. माझ्याकडे ती एक ओळ ईमेलवर होती, त्यामुळे वकिलाकडे जायच्या आधीच वेगळे पैसे मिळाले.

प्रोफेशनल फीमधून सहसा १० टक्के टीडीएस कापला जातो, तो रिटर्न भरला की हिशेबात धरला जातो आणि जास्त कापला असेल तर परत येतो. पॅन कार्ड, साधं बिल बुक, कामाचे कागद एका फायलीत, एवढं पहिल्या दिवसापासून करा.

प्रदर्शनांबद्दल थोडक्यात. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून काळा घोड्याला आहे, तिथे हॉल भाड्याने मिळतो, मंगळवार ते सोमवार असा आठवडा असतो, अर्ज करायचा, निवड होते आणि मग नंबर लागायला वर्षं जातात. म्हणून कॉलेज संपलं की अर्ज टाकून ठेवा, विसरून जा आणि काम करत राहा. तोपर्यंत आर्टिस्ट्स सेंटर, नेहरू सेंटर, प्रभादेवीचं पुलं अकादमीचं दालन आहेच, आणि बॉम्बे आर्ट सोसायटी, १८८८ ची संस्था, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया, १९१८ ची, शिवाय राज्य कला प्रदर्शन, या स्पर्धांना चित्र पाठवत राहायचं. पहिलं प्रदर्शन तीन-चार जणांनी मिळून करा, भाडं वाटलं जातं आणि प्रत्येकाची ओळखीची माणसं सगळ्यांची चित्रं बघतात. खर्चात भाडं दिसतं पण खरा खर्च फ्रेमिंगचा आणि टेम्पोचा असतो, कल्याण-वसईकडे राहणाऱ्यांनी तर टेम्पो आधी धरावा. खासगी गॅलरी विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मा घेते, जास्त वाटतं, पण मग किंमत गॅलरीत आणि घरी एकच ठेवायची, घरी येणाऱ्याला स्वस्तात दिलं की गॅलरी परत दारात उभं करत नाही. किंमत आकारावर ठरवा, हाफ इम्पिरियलची एक, क्वार्टरची एक, आवडतं-नावडतं बघून ठरवू नका. चित्रं गॅलरीत ठेवून येताना यादी करून सही घ्या.

आता कोर्सचं, ज्यासाठी फोन येतात. बीएफए चार वर्षांचं, राज्याची सीईटी द्यावी लागते, त्यात ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग आणि डिझाइन असतं. जेजे २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालंय त्यामुळे प्रवेशाची पद्धत त्या त्या वर्षी त्यांच्याच सूचनेवरून बघा. कोकणातल्या मुलांना मुंबईच पाहिजे असं नाही, सावर्ड्याला, देवरुखला चांगली कॉलेजं आहेत आणि तिथे दार उघडलं की समोर विषय असतो, मुंबईचा खर्च वाचतो. घरी नोकरीची काळजी असेल तर एटीडी (कलाशिक्षकाचा डिप्लोमा) करून ठेवा, शाळेची नोकरी किंवा क्लास यांचा आधार असला की हवं ते काढायची हिंमत राहते. फाइन की अप्लाइड याला माझं उत्तर असं, ज्याला तासनतास एका झाडासमोर बसवतं त्याने पेंटिंग घ्यावं आणि टायपोग्राफी, लेआउट, फोटोशॉप बाहेरून शिकावं, ज्याला ब्रीफ (क्लायंटला काय हवंय ते) मिळालं की डोकं चालतं त्याने अप्लाइड घ्यावं आणि रविवार ऑनस्पॉटला द्यावा.

एआयबद्दल विचारतात. खरं सांगायचं तर नवख्यांना मिळणारं छोटं काम, पुस्तकातली साधी चित्रं, मूडबोर्ड, कन्सेप्टचे पहिले कच्चे आराखडे, हे माझ्या आजूबाजूला कमी झालंय, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं कारण आम्ही त्याच कामावर शिकलो. पण आर्ट डायरेक्टर अजून मला फोन करतो तो कधी, तर मशीनने काढलेल्या कोकणातल्या घराला केरळची छपरं आलेली असतात आणि खाचरात कुठल्यातरी परदेशातलं भात असतं तेव्हा. त्याला दुरुस्त करून देणारा माणूस लागतो, ज्याने ते घर आतून-बाहेरून बघितलंय.

पोर्टफोलिओ दोन वेगळे करा. स्टुडिओ आणि एजन्सीसाठी पीडीएफ, छोटी, पंधरा-वीस पानांच्या आत, त्यात वेळेची मालिका, एक-दोन थर करून दाखवलेली बॅकग्राउंड, एखादं छापून आलेलं काम त्याच्या मूळ चित्राशेजारी. गॅलरीसाठी मात्र एकाच विषयावरची सलग चित्रं, आकार, माध्यम, साल लिहिलेली, त्यात कॅलेंडरचं काहीही नको. आणि स्केचबुक दोन्हीकडे हातात घेऊन जा, मागितलं नाही तरी टेबलावर ठेवा, बहुतेक वेळा समोरचा माणूस पीडीएफ अर्धवट सोडून तेच चाळायला घेतो.